‘काय समजलं?’ विचारणाऱ्या मॅडम

रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून “काय समजलं?” असं विचारणाऱ्या दोनच व्यक्ती मी आयुष्यात पाहिल्या. एक आमच्या गावचा बीट जमादार आणि दुसऱ्या आमच्या मॅडम. जमादाराला लोक लगेच उत्तर द्यायचे.

मॅडम आमच्या कार्यालयात प्रसिद्धी अधिकारी होत्या. कार्यालय माती, पाणी, जंगल अशा नैसर्गिक संपत्तीच्या संवर्धनाचं. संवर्धन कसं करायचं ते बाकीचे अधिकारी ठरवायचे आणि ते लोकांना कसं सांगायचं ते मॅडमनी ठरवायचं, अशी वाटणी होती. मी त्यांच्या प्रचारगाडीचा ड्रायव्हर, आणि गाडीच्या टपावरच्या भोंग्यातून जो आवाज यायचा तोही मीच.

त्याआधी बारा हिवाळे मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतो. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि नायकाला कोणी विचारत नाही. खलनायकाला मात्र दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर शिव्या पडतात. मला इतक्या पडायच्या की मी कृतार्थ होतो. मुलाखतीत मॅडमनी हातात एक कागद दिला. ‘मृदसंधारणाचे महत्त्व’. मी तो असा वाचला की खिडकीतली कबुतरं उडाली. मोठ्या साहेबांनी टेबलावर हात आपटून दाद दिली. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं,

“काय समजलं?”

“आवाज जबरदस्त आहे जी,” शिपाई म्हणाला.

“म्हणजे काही समजलं नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि मला नोकरी दिली.

पुढं कधीतरी धीर करून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “बाकीचे तिघं वाचत होते तेव्हा शिपाई झोपला होता. तुमच्या वेळी जागा तर होता. अर्थाचं मी बघते.”

मॅडमची उंची पाच फुटांच्या अलीकडेच थांबलेली. मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात बारमाही छत्री. छत्री उघडलेली मी पाहिली नाही. ती दाखवायला होती. डोंगर, नाला, साहेब, चूक, जे दाखवायचं ते छत्रीनं. माहेर लाखांदूरकडचं, त्यामुळं खेड्यात गेल्या की झाडीबोली अशी अस्सल बोलायच्या की म्हाताऱ्या त्यांना लेक म्हणायच्या. कार्यालयात साधी पुस्तकी मराठी. आणि राग आला की मात्र मराठी शुद्ध होत जायची. जितका राग मोठा तितकी शुद्ध. एकदा एका बाबूनं चहाचा ग्लास त्यांच्या वहीवर ठेवला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आपण हे पात्र अन्यत्र स्थानांतरित करण्याची कृपा कराल का?” तो बाबू दोन दिवस रजेवर गेला.

ही वही म्हणजे मॅडमचं सगळं जग. लांब, सरकारी, कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडं मथळा: ‘आम्ही काय सांगितलं’. उजवीकडं: ‘त्यांना काय समजलं’. मॅडमचं म्हणणं असं की सरकारकडं डाव्या बाजूच्या कागदांची कपाटं भरली आहेत आणि उजव्या बाजूचा एक कपटाही नाही. म्हणून कुठलंही पोस्टर छापायच्या आधी त्या त्याचा एक नमुना काढायच्या, तो भिंतीला लावायच्या, शेजारी कार्यालयाची लोखंडी घडीची खुर्ची टाकायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या.

कारध्याला नदीच्या पुलाजवळ आम्ही एक पोस्टर लावलं होतं. दोन्ही हातांच्या ओंजळीत माती, मातीत इवलंसं रोप, खाली ‘भविष्य आपल्या हाती’. असं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. एक शेतकरी सायकल थांबवून ते बराच वेळ बघत राहिला. मॅडम आशेनं पुढं झाल्या.

“काय समजलं, भाऊ?”

“हातावर काहून लावलं जी?” तो कळवळून म्हणाला. “जमीन नाही काय त्याले?”

मॅडमनी उजव्या बाजूला लिहून घेतलं. ते पोस्टर आमच्या जिल्ह्यात कधीच छापलं गेलं नाही.

वरठीला कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी आम्ही सायकल स्टँडवर बसलो. मोहफुलांच्या दिवसांत जंगलात आगी लागतात, त्याचं पोस्टर होतं. पूर्ण कागदभर ज्वाळा, ‘वणवा थांबवा’. पोलाद कारखान्यातला एक कामगार हेल्मेट काखेत घेऊन थांबला. ज्वाळांचा रंग त्यानं जाणकाराच्या नजरेनं वरपासून खालपर्यंत तपासला.

“भट्टी चांगली लागली म्याडम. कोणत्या प्लांटची होय?”

त्याच्या मागच्या तिघांनी भट्टीच्या तापमानावरून वाद सुरू केला. मॅडमनी तोही लिहून घेतला.

नळाची गोष्ट तर वरपर्यंत गेली. ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणून ठिबकणाऱ्या नळाचं एक पोस्टर पुण्याहून छापूनच आलं होतं, त्यामुळं परीक्षेची सोय नव्हती. ते आम्ही हुकमाप्रमाणं चाळीसेक गावांत लावलं. आठवड्यानं एका गावाहून पाच माणसं कार्यालयात आली. स्वच्छ कपडे, हातात अर्ज. “फोटो लागून आठ दिवस झाले जी. नळ कवा येऊन राहिले?” त्या गावात नळच नव्हता. पहिला नळ कोणाच्या दाराशी, दुसरा कोणाच्या, हे त्यांनी भांडून ठरवूनही झालं होतं. मोठे साहेब खुर्चीतून पडेपर्यंत हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या पाच जणांना चहा पाजला, तो अर्ज पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला आणि पुण्याला पत्र लिहिलं. पत्र अतिशय शुद्ध मराठीत होतं.

मीही त्यांच्या वहीतून सुटलो नाही. एका गावी लोक तलावात कचरा टाकायचे. मला चेव आला. माझं जुनं, गाजलेलं, तीन टप्प्यांत वर चढणारं हास्य मी भोंग्यावरून सोडलं आणि गरजलो, “तलावात घाण टाकणाऱ्यांनो! मी बघतोय!” तीन दिवस तलावाकडं कोणी फिरकलं नाही. मी कार्यालयात कॉलर ताठ करून हिंडत होतो. चौथ्या दिवशी मॅडम एकट्याच त्या गावी जाऊन आल्या आणि वही माझ्यासमोर उघडून ठेवली. उजव्या बाजूला एका आजीबाईंचं उत्तर होतं: ‘तलावावर कोणी बसला हाये म्हणते. आम्ही आता कचरा नदीत टाकतो.’

“भीती वाटली. समजलं नाही,” मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून हास्य बंद.

‘जनजागृती’ हा शब्द त्यांना चालत नसे. “लोक पहाटे चारला उठतात. दहाला कार्यालयात आपण येतो. जागं कोणी कोणाला करायचं?” टाळ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. टाळी म्हणजे भाषण थांबवण्याची सभ्य तऱ्हा, असं त्या म्हणत. परीक्षेत पहिल्या झटक्यात पूर्ण गुण मिळवणारा एकच कागद मी पाहिला. मॅडमच्या भाच्याची लग्नपत्रिका. त्यांनी ती शिपायासमोर धरली. शिपायानं नजर टाकून सांगितलं, “जेवण आहे.” मॅडम त्या पत्रिकेकडं बराच वेळ हेव्यानं बघत होत्या.

तर अशा बाईंच्या वाट्याला निवृत्तीच्या वर्षी तलावाचं सौंदर्यीकरण आलं.

आमच्या जिल्ह्यात गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत. एका बाजूला मातीची उंच पाळ, पाळीमागं धानाची शेतं, आणि पाळीच्या समोर पाणी असं हळूहळू उथळ होत जातं की तलाव कुठं संपला आणि रान कुठं सुरू झालं ते कळत नाही. तुमसरच्या रस्त्याला आत एका गावात असा एक तलाव होता. तो सुंदर करायचं ठरलं. म्हणजे चारी बाजूंनी दगडी भिंत, भिंतीलगत फिरायची वाट, मध्ये कारंजं. सोमवारी ग्रामसभा होती. ग्रामसभेनं संमती दिली की काम सुरू. त्याआधी आठ दिवस ‘वातावरणनिर्मिती’ करायची, हे मॅडमचं काम.

आम्ही गेलो तेव्हा ग्रामपंचायतीत नकाशा लावलेला होता. समोर आमच्याच खात्याचा एक तरुण अभियंता, मोठा नम्र पोरगा, पेनातून लाल ठिपका पाडून सगळं समजावत होता. ऐकणाऱ्यांत सायत्राबाई होत्या. गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बायांचा गट होता, त्याच्या त्या पुढारी. वय साठीचं, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा.

“साहेब, भीत उथळातून जाते का उथळाच्या मागून जाते?” त्यांनी भिंतीचं विचारलं.

“ही बघा ना आजी, ही निळी रेघ.”

“रेघ दिसून राहिली. भीत कुठं हाये?”

अभियंत्यानं पुन्हा ठिपका फिरवला. सायत्राबाई मॅडमकडं वळल्या.

“मासोळी राहते पाण्यात, पण बाळंतपणाले येते उथळात. तिथं भीत बांधली तं तिनं जावं कुठं म्याडम, सरकारी दवाखान्यात?”

लोक हसले. सायत्राबाई हसल्या नाहीत. उथळ गेलं की मासोळी गेली, आणि मासोळी गेली की गटातल्या बाया रोजीला गेल्या. त्यात हसण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं.

“अन् तिथं गाळ हाये साहेब. वरून वाळलेला दिसते, आत दही हाये. भीत उभी नाही राहणार.”

“कडक मुरूम आहे आजी,” अभियंता म्हणाला. “अहवालात आहे.”

“अहवाल उतरला होता काय तलावात?”

यावर अभियंत्यानं पेनाचा ठिपका बंद केला.

परतताना मॅडम गाडीत वही उघडून बसल्या होत्या. तुमसरच्या भातगिरण्या मागं पडल्यावर म्हणाल्या, “ज्या कागदावर आपला तलाव आपल्याला सापडत नाही, त्याला लोक संमती कशी देणार?” आणि थोड्या वेळानं, “नकाशा लहान आहे. हीच चूक आहे. नकाशा तलावाएवढा पाहिजे.”

मला वाटलं उन्हामुळं असेल. फाल्गुन होता.

शनिवारी सकाळी आम्ही त्या तलावात उतरलो. मॅडम, मी, अभियंत्याकडून मागून आणलेला नकाशा, खुंट्या, सुतळी आणि कबड्डीच्या मैदानावर आखतात ती पांढरी फक्की, पोत्यांनी. पाणी आटून पाळीलगत सरकलं होतं, बाकीची जमीन वरून वाळून भेगाळली होती. दिवसभर आम्ही तो नकाशा जमिनीवर उतरवला. मापाला माप. इथं भिंत, इथं फिरायची वाट, इथं कारंज्याचं वर्तुळ. मॅडम छत्रीनं दाखवायच्या, मी वाकून फक्की सोडायचो. उथळाच्या ऐन मधून फिरायच्या वाटेच्या दोन समांतर रेघा गेल्या, लांबच लांब, सरळ. वाळल्या जमिनीवर आम्ही दोघं हलकेच चालत गेलो, काही झालं नाही. मॅडमचं वजन चिमणीएवढं आणि मी तेव्हा बारीक होतो.

सायत्राबाई पाळीवर जाळं विणत बसल्या होत्या. दिवसभर त्यांचं आमच्याकडं लक्ष होतं. संध्याकाळी मॅडम चढून त्यांच्याकडं गेल्या. आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं पोस्टर त्यांनी छत्रीनं दाखवलं आणि विचारलं,

“काय समजलं, बाई?”

“दिसलं,” सायत्राबाई म्हणाल्या आणि सुतळी दातांनी तोडली.

मॅडमनी लिहून घेतलं: ‘दिसलं. (समजलं की नाही, स्पष्ट नाही.)’

ठरलं असं की रविवारी सकाळी अख्ख्या गावाला त्या रेघांवरून चालवायचं. अभियंत्यालाही बोलावलं होतं. मॅडम इतक्या खुशीत मी कधी पाहिल्या नाहीत. सकाळी येताना गाडीत त्या गुणगुणत होत्या. सूर लागत नव्हता, पण हेतू कळत होता.

तलावाच्या वळणावर मी गाडी थांबवली, कारण पुढं जाता येत नव्हतं. रस्त्यावर बैल होते. शिंगं रंगवलेले, पाठीवर झूल टाकलेले, तेल लावून चकचकीत केलेले बैल. टेम्पोतून उतरवले जात होते. पाळीवर भज्यांची कढई लागली होती. एक माणूस फुगे विकत होता. कोणीतरी स्वतःचा भोंगा आणला होता आणि तो माझ्या भोंग्यापेक्षा मोठा होता, हे नमूद करायला मला आजही त्रास होतो.

आमच्याकडं फाल्गुनात मोकळ्या जमिनीवर दोन लांब, समांतर, पांढऱ्या रेघा दिसल्या की त्याचा अर्थ एकच. शंकरपट. बैलजोड्यांची शर्यत. मधली काही वर्षं पट बंद होते. पुन्हा सुरू झाल्यापासून लोक दोन रेघा कुठं दिसतात याची वाटच बघत असतात. पाच गावांतून जोड्या आल्या होत्या.

मोहाडीकडचा डोमाजी नावाचा एक नामी धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, पुढं आला. त्यानं मॅडमना हात जोडले.

“झेंडी तुम्ही दाखवणार काय जी?”

“कसली झेंडी?”

“पटाची. आता सरकारच पट भरवून राहिलं म्हणून आयकलं. सरकारी गाडीनं फक्की मारली. लई चांगलं केलं. आमच्या आमदाराले हे सुचलं नाही.”

मॅडम काही वेळ बैलांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “कृपया ध्वनिक्षेपक सुरू करावा.” भाषा ऐकून मी मागचापुढचा विचार न करता भोंगा सुरू केला.

मॅडमनी सांगितलं ते सोपं होतं. हा पट नाही. हा नकाशा आहे. इथून भिंत जाणार आहे, उद्या तुम्हाला संमती द्यायची आहे, म्हणून आज तिच्यावरून चालून बघा. कुठल्याही तज्ज्ञानं इतकं सोपं बोलून दाखवावं. मग तेच मी माझ्या आवाजात सांगितलं. लोकांनी अगदी मन लावून ऐकलं. टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, “झालं काय उद्घाटन? मग सोडा न जोडी!”

एव्हाना अभियंता आला होता. गर्दी बघून तो हरखला. मी पाहिलं, त्याच्या डोक्यात एक कल्पना चमकली, आणि कल्पना चमकली की नम्र माणूससुद्धा ऐकत नाही. त्यानं माझ्या हातून माईक घेतला.

“एक जोडी पळू द्या,” तो म्हणाला. “चाबूक नाही, टोचायची आरी नाही, नुसती पळू द्या. जमीन किती कडक आहे ते सगळ्या गावाला दिसेल. काही लोकांचा गैरसमज आहे.”

मॅडमनी छत्री वर केली. पण ती छत्री नेमकं काय सांगते आहे ते कोणाला समजलं नाही, आणि डोमाजीनं ती झेंडी समजून जोडी सोडली.

काय पळाले हो ते बैल! मी बारा हिवाळे रंगमंचावर उड्या मारल्या, पण अशी एंट्री मला कधी साधली नाही. कारंज्याच्या वर्तुळाला वळसा घालून ते दोन रेघांमध्ये शिरले. पाळीवरचे लोक उठून उभे राहिले. जोडी उथळाकडं निघाली. आणि मग, जिथं नकाशात ‘बैठकव्यवस्था’ लिहिलं होतं तिथं, बैल हळू झाले. पुढच्या क्षणी थांबले. गुडघ्यापर्यंत जमिनीत जाऊन थांबले. छकडा आसापर्यंत रुतला. डोमाजी मात्र थांबला नाही. तो बैलांच्या डोक्यावरून पुढं गेला आणि छातीवर उतरला.

मग डोमाजी उभा राहिला. नखशिखांत काळा, फक्त डोळे. बैलांना काही झालं नव्हतं. त्यांच्या तोंडाशी ओलं गवत आलं होतं, त्यांनी ते खायला सुरुवात केली.

“काय गा डोमाजी, मुरूम कसा हाये?” सायत्राबाईंनी पाळीवरून विचारलं.

“दही हाये माय, दही!”

अभियंता धावला. चांगला पोरगा होता, मदतीलाच धावला. आणि भिंतीची रेघ जिथून जात होती तिथं येऊन तो मांडीपर्यंत खाली गेला. त्याला आम्ही सुतळीनं काढायचा प्रयत्न केला, सुतळी तुटली. मग दोर आणला. अभियंता वर आला. बूट आले नाहीत. त्यानं काठावर बसून, चिखलाच्या हातांनी, आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

सोमवारच्या ग्रामसभेत त्यानं स्वतःच उभं राहून सांगितलं की उथळाच्या बाजूला पाया धरणार नाही; तिकडची भिंत, वाट आणि बैठक रद्द. जे काय सुंदर करायचं ते पाळीवर. गावानं हात वर केले. मोठ्या साहेबांनी गर्दीचा फोटो, बैल कापून, नागपूरला पाठवला. खाली लिहिलं, ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. मॅडमना त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

मॅडमनी ते टेबलाच्या खणात उलटं ठेवलं. वहीत त्यांनी शेवटची नोंद केली होती. डावीकडं: ‘तलावाच्या सौंदर्यीकरणाचा नकाशा, पूर्ण आकारात’. उजवीकडं: ‘शंकरपट’.

पुढचे आठ दिवस त्या कोणालाच काही विचारत नव्हत्या. शिपायालासुद्धा नाही. शिपाई अस्वस्थ झाला. “म्याडमले बरं नाही काय?” मला विचारायचा. मी समजवायचा प्रयत्न केला. एवढी वर्षं मॅडमचा एकच विश्वास होता, की गोष्ट नीट दाखवली तर माणसाला कळते. आणि जेव्हा त्यांनी ती तलावाएवढी करून पायाखाली पसरून दाखवली, तेव्हा पाच गावांतून कोणालाही कळली नाही. कळली ती बैलांना.

शेवटी एका दुपारी त्या म्हणाल्या, “गाडी काढा. सायत्राबाईंची माफी मागायची आहे.”

सायत्राबाई तलावाकाठी होत्या. जाळं वाळूवर पसरून त्याच्या गाठी तपासत होत्या. मॅडम थेट त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागताना बोलीसुद्धा विसरल्या, आणि शुद्धही झाल्या नाहीत. मधलंच काहीतरी बोलल्या.

“बाई, तुमचं उथळ वाचलं याचा आनंद आहे. पण ते माझ्यामुळं वाचलं नाही. मी तुमच्यासाठी एवढा नकाशा काढला आणि तो कोणालाच समजला नाही. लोकांना पट वाटला. नशिबानं बैल रुतले.”

सायत्राबाईंनी मान वर केली. डोळ्यांवर हात धरून मॅडमना नीट बघून घेतलं.

“लोकाईले वाटला नाही म्याडम. म्या सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“पट हाये म्हणून. शनिवारी सांजच्याले भावाले फोन केला. एकच. बाकी त्यानं केलं, त्याले गप्प राहता येत नाही.”

मी गाडीला टेकून उभा होतो, तो सरळ झालो.

“म्हणजे नकाशा…” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला समजला होता?”

“रेघा पायल्या अन् समजलं. भीत बरोबर बाळंतिणीच्या खोलीतून जाऊन राहिली होती. त्या पोराले गाळ सांगितला तं त्यानं अहवाल दाखवला. मग म्हटलं, बैलच दाखवू. गुडघाभर गाळ हाये तिथं, मी तीस वर्षं उतरून राहिली; बैलाले काही होत नाही. डोमाजी उडंल हे मात्र ध्यानात आलं नाही माह्या.”

मॅडमनी अगदी हळू, पहिल्यांदाच, स्वतःला न शोभणारा प्रश्न विचारला.

“मग मले काहून नाही सांगितलं, बाई?”

“तुम्हाले सांगितलं असतं तं तुम्ही वहीत लिहून घेतलं असतं.”

वाऱ्यानं उथळातलं लव्हाळं एका बाजूला झुकलं होतं. त्याच्या पलीकडच्या पाण्यात काहीतरी चमकून गेलं. सायत्राबाई म्हणाल्या,

“अन् आता पाय उचला माय. जाळ्यावर उभ्या हा तुम्ही.”

मॅडमनी खाली पाहिलं आणि पाय उचलला.